मूळ : सर्जेराव पाटोळे, मिरज

पूर्वी लहान मुलाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की घरात पहिला प्रश्न यायचा, "काय बाधलं?" प्रश्न मोठा सोयीचा होता, कारण उत्तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर असायचं. सुनेच्या मते सासूनं चारलेलं केळं बाधलेलं असायचं, सासूच्या मते सुनेनं बाहेरून मागवलेलं काहीबाही, आणि दोघींचं पटत असेल तर पोराला दात येत असायचे. डॉक्टरही फार खोलात जात नसत. मीठ-साखरेचं पाणी पाजा, जस्ताच्या गोळ्या द्या, लघवी होतेय ना ते बघा, एवढं सांगून ते पुढच्या पेशंटला हाक मारत. मूल आठवडाभरात पुन्हा उड्या मारायला लागे आणि विषय संपे.

काडी आली आणि ही सोय गेली.

तिचं सरकारी नाव 'विषाणू-मागोवा पट्टी' असं लांबलचक होतं. बोटाएवढी पट्टी डायपरमध्ये ठेवायची, मोठ्यांनी आपापल्या सोयीनं वापरायची, आणि मग डबीत घालून आरोग्य केंद्रात द्यायची. मिरजेत तिला पहिल्या दिवसापासून काडी म्हणायला लागले, आणि ते नाव ज्यानं कुणी पाडलं त्याला पुढं काय होणार याची पुरती कल्पना असावी. कारण ज्या घरात काडी लागली त्या घरात काही ना काही पेटायचंच.

विज्ञान तसं सोपं होतं. लहान मुलांच्या अशा दुखण्यामागे बहुतेक वेळा एखादा विषाणू असतो. त्यांतला रोटा लस आल्यापासून बराच दबला होता. त्याच्या गादीवर नोरो बसला होता, आणि ॲस्ट्रो, सॅपो, ॲडिनो ही भावकी मागं होतीच. काडी नुसतं विषाणूचं नाव सांगून थांबत नसे. त्याच्या पोटातला जनुकांचा मजकूर ती अक्षरन् अक्षर वाचत असे. विषाणू स्वतःची नक्कल काढताना अधूनमधून चुकतो. ती चूक पुढच्या नकलेत जशीच्या तशी उतरते आणि तिथं आणखी एखादी नवी पडते. वर्गात दोन पोरांचं गणित एकाच ठिकाणी चुकलं की कुणी कुणाचं बघून लिहिलंय ते मास्तरांना कळतं, त्यातलाच हा प्रकार. गावातल्या सगळ्या काड्यांचा मजकूर शेजारी शेजारी मांडला की विषाणू कुणाकडून कुणाकडे गेला याचा एक वेल तयार होई. तो फक्त त्यातल्या घरांना दिसे. वेलाच्या शेंड्यांना आजारी मुलं, बुडाशी एक नाव, आणि त्या नावाआधी यंत्र एकच शब्द लिही. मूळ.

सर्जेराव पाटोळ्यांना या काडीचं भारी कौतुक होतं. त्यांनी जन्मभर दूध संघाचा टँकर चालवला होता. फाटकाशी नमुना काढून कुठल्या गावचं दूध नासकं आलं ते कसं हुडकतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं. "घाण कुठनं आली ते कळायलाच पाहिजे की," असं ते ठासून सांगत, आणि कुणी ऐकत नसलं तरी सांगत.

बायको गेल्यावर ते लेकीकडे, ऐश्वर्याकडे, राहायला आले होते. निशिगंध अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर. जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर, त्यामुळे घरी असण्यापेक्षा नसायचाच जास्त. पण सर्जेरावांच्या मुक्कामाचं खरं कारण वेगळं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा ऐश्वर्यानं स्वतःची एक काढून दिली. घरात त्याबद्दल कधी गंभीरपणे बोलणं झालं नाही. झाली ती थट्टाच. सर्जेराव लोणच्याच्या बरणीकडं वळले की ऐश्वर्या म्हणायची, "पप्पा, माझी आहे ती. जपून वापरा."

"सर्व्हिसिंग वेळेवर करतोय की," सर्जेराव म्हणायचे आणि बरणी खाली ठेवायचे.

ऐश्वर्या कामावर गेली की दोन वर्षांची ओजू त्यांच्या ताब्यात असे. ओजू हे ओजस्वीचं झालेलं. ती घरात दोन घास खाताना घर डोक्यावर घ्यायची, पण आबांच्या हातचा वरणभात मात्र मुकाट गिळायची. सर्जेराव मोठ्या ताटात मऊ भात कालवायचे, एक घास काऊचा, एक चिऊचा आणि मग एक टँकरचा. टँकरच्या घासाला तोंडानं हॉर्न वाजायचा. हॉर्नची कीर्ती जिन्यानं वर-खाली पसरली आणि बिल्डिंगमधली आणखी चार-पाच पोरं दुपारी ताटाभोवती गोल करून बसायला लागली. आया निर्धास्त झाल्या. समोरच्या मगदूमबाईंनी तर कमालच केली. त्यांच्या शौर्यचा मामा कॅनडात. उष्टावणाचा मान मामाचा, पण त्या म्हणाल्या, मामा नाही तर आजोबा, आणि तान्ह्या शौर्यच्या तोंडात खिरीचा पहिला घास सर्जेरावांच्या हातून गेला. त्या दिवशी सर्जेराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते.

हात ते नेहमी स्वच्छ ठेवायचे. ऑपरेशननंतर दवाखान्यानं लावलेली सवय होती. शर्टाच्या खिशात जंतुनाशक जेलची छोटी बाटली असे, घास कालवण्याआधी दोन थेंब तळहातावर घ्यायचे, खसाखसा चोळायचे.

मग एका आठवड्यात ताटाभोवतीची सगळी पोरं आडवी झाली. ओजूनं तीन चादरी आणि एक सोफा खराब केला, डोळे खोल गेले, चमच्या-चमच्यानं पाणी पाजून ऐश्वर्याचा हात अवघडला. बाकीच्यांचं घरच्या घरी निभावलं. शौर्य सगळ्यांत लहान. त्याला सलाईन लावावं लागलं. दोन दिवस मगदूमबाई दवाखान्यातून हलल्या नाहीत. सगळी पोरं बरी झाली हे खरं, पण घराघरातून काड्या गेल्या होत्या. मोठ्यांच्यासुद्धा.

सर्जेरावांचा तपास त्याआधीच पुरा झाला होता. त्यांचा संशय चौकातल्या कुल्फीवाल्यावर होता, आणि थोडा मगदूमांकडं पुण्याहून येऊन गेलेल्या पाहुण्यावर.

"आला का वेल?" सकाळी चहा ओतताना त्यांनी विचारलं. "कुल्फीवालाच निघाला असणार. मी आधीच म्हटलं होतं."

ऐश्वर्या फोनकडं बघत ओट्याला टेकून उभी होती.

"अगं, कोण निघालं?"

तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. सर्जेरावांनी चष्मा वर सरकवला. वेल खरोखरच वेलासारखा काढलेला होता, शेंड्याला ओजू, शौर्य, खालच्या मजल्यावरच्या दळवींची दोन्ही पोरं. सगळ्या फांद्या खाली एका लांब देठात उतरत होत्या, आणि बुडाशी लिहिलं होतं, 'मूळ : सर्जेराव पाटोळे'.

चहा बशीत सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

* * *

डॉक्टर शिरगुप्पे मॅडम मुलांच्याच डॉक्टर होत्या, पण काडी आल्यापासून त्यांच्याकडं आजोबा-आज्यांचीही रांग असे. त्यांनी तो लांब देठ बोटानं दाखवला.

"एवढा लांब देठ म्हणजे पुष्कळ चुका. म्हणजे हा विषाणू पोरांकडं जायच्या आधी बरेच महिने एकाच पोटात राहिलाय. साध्या माणसाच्या पोटातून नोरो काही आठवड्यांत निघून जातो. तुमच्यातून जात नाही."

"मला तर काहीच होत नाही, मॅडम."

"होईलच असं नाही. तुमच्या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना पेंगवत ठेवतात. किडनी परकी आहे हे त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून. पहारेकरी पेंगले की मग नोरोचंही फावतं."

"परकी कशी?" सर्जेराव म्हणाले. "लेकीची आहे."

मॅडम हसल्या. "ते शरीराला कोण सांगणार?"

मग त्यांनी खिशातली जेलची बाटली मागून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. नोरोला तिची फारशी पर्वा नसते, त्या म्हणाल्या. त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं, आणि फरशीला ब्लीच. सर्जेराव त्या खणाकडं बघत बसले. चार वर्षं ते इमानदारीनं हात चोळत आले होते.

"औषध?"

"यावर नेमकं असं अजून निघालेलं नाही."

"मग गोळ्या कमी केल्या तर? पहारेकरी जागे झाले तर?"

"तर ते विषाणूला हाकलतील. काही पेशंटमध्ये आम्ही डोस उतरवतोही. पण तुमच्या शरीरानं पहिल्याच वर्षी किडनीशी एकदा भांडण काढलं होतं. तुमच्या बाबतीत ते दार मी उघडणार नाही."

"उघडायचंच नाही," ऐश्वर्या म्हणाली. "विषय संपला."

विषय संपला तो तिच्यापुरता.

बिल्डिंगमध्ये कुणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं सर्जेरावांना वाटलं; भांडणाऱ्याला निदान उत्तर तरी देता येतं. दुपारी ताटाभोवतीची पोरं यायची बंद झाली. जिन्यात भेटणारे 'तब्येत काय म्हणते' विचारायचे आणि कठड्याच्या बाजूला सरकायचे. मगदूमबाई समोरासमोर आल्या, हसल्या, कडेवरच्या शौर्यला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दार हळूच लोटलं. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. तिनं पोराच्या हातात सुई टोचलेली पाहिली होती.

सर्जेरावांनी स्वतःलाच बाहेरच्या खोलीत बंद करून घेतलं. ताट वेगळं, पेला वेगळा. संडासातून आले की ब्लीचनं फरशी घासायचे, कंबर धरेपर्यंत. ऐश्वर्या सांगायची, "पप्पा, एवढं नको, ओजूला होऊन गेलंय ते." सर्जेराव म्हणायचे, "परत झालं तर?" डॉक्टरांनीही छातीठोक काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या पोटातला विषाणू बदलत होता, उद्याचा कालच्यासारखाच असेल असं नव्हतं. ओजू दाराला लागून बसायची आणि तळहातानं दार बडवायची.

"आबा, टँकल."

आतून हॉर्न वाजायचा. ती हसायची, पुन्हा बडवायची. थोड्या वेळानं तिला कळायचं की घास काही येत नाही, आणि ती रडायला लागायची. तिचं रडणं ऐकताना या माणसाला आपल्या पोटाचा, आतड्यांचा, स्वतःच्या दोन हातांचा विलक्षण राग येई.

* * *

त्या शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात आक्का उभी होती. सर्जेरावांची थोरली बहीण, सत्तरीची, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात पिशवी, डोक्यावर पानांची पाटी. आरगेत तिच्या सासरी पानमळा होता, त्यातली कोवळी पानं.

"आक्का? अशी अचानक?"

"अचानक कशी? मूळ आलं न्हवं तुझं?" आक्का पाटी उतरवत म्हणाली. "काल फोनच बोलला की. मूळ, सर्जेराव पाटोळे, मिरज. म्हनलं भावाला आटवन झाली एकदाची. पिशवी भरली, लुगडं नेसून वट्यावर बसले. मानूस काय येईना. म्हनलं यष्टीत अडाकला आसंल. दुपार झाली, रात झाली. मग आज माझी मीच आले. न्यायला येनाऱ्यानं वाट चुकली म्हून म्हायेर चुकतं व्हय?"

ऐश्वर्याला आधी काही कळेना. मग उलगडा झाला. सर्जेरावांच्या आरोग्यपत्रात जवळची नातेवाईक म्हणून आक्काचा नंबर होता. काडीची सूचना, काही दिवस उशिरा का होईना, तिलाही गेली होती, आणि आक्काचा फोन आलेले संदेश मोठ्यानं वाचून दाखवायचा. आक्काच्या पिढीत मूळ म्हणजे एकच. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला आलेला भाऊ.

ऐश्वर्या हसता हसता खाली बसली. त्या आठवड्यात त्या घरात कुणी पहिल्यांदाच हसत होतं. सर्जेराव मात्र हसले नाहीत. आई गेल्यापासून आपण आक्काला एकदाही न्यायला गेलो नाही, हे त्यांच्या मनात आलं, आणि ती एका चुकीच्या शब्दावर विसंबून लुगडं नेसून दिवसभर ओट्यावर बसली होती.

"आक्का, ते मूळ नव्हे," ते म्हणाले. "हे वेगळं मूळ हाय." आणि दारापासून दूर उभं राहून त्यांनी तिला सगळं सांगितलं. विषाणू, वेल, पोरं, सलाईन.

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे हगवन तुझ्याकडनं गेली पोरांस्नी."

"व्हय."

"आनि आता तू कोंडून घेतलंयस."

"व्हय."

"मग चल की माज्याकडं. आमच्याकडं ल्हान पोर न्हाई कुनी. मूळ म्हून आले आसं समज."

ऐश्वर्या म्हणाली, "जा पप्पा, आठ-पंधरा दिवस. तेवढीच हवापालट. पण गोळ्या?"

"घेतो की," सर्जेराव म्हणाले. त्यांच्या मनात आठ-पंधरा दिवसांचा हिशोब नव्हताच. पोट निर्मळ झाल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी पिशवी भरतानाच ठरवलं होतं, आणि ते कसं करायचं हेही.

* * *

आक्काच्या घरामागं पानमळा होता. शेवग्याच्या बारीक खोडांवर चढलेले वेल, खाली ओलसर सावली. सर्जेराव तिथं खाट टाकून पडत. सकाळ-संध्याकाळ ते गोळ्यांचा डबा घेऊन मळ्यात जात, आक्काच्या पानपुड्यातला अडकित्ता काढत आणि सुपारी कातरावी तशी प्रत्येक गोळी मधोमध कातरत. अर्धी तोंडात, अर्धी डब्यात. काही दिवसांनी त्यांनी सकाळची अर्धीही सोडली.

आपण काय करतोय ते त्यांना नीट माहीत होतं. नाही असं नाही. पण टँकरच्या एका कप्प्यात नासकं दूध लागलं तर सगळा कप्पा रिकामा करावा लागतो, धुवावा लागतो, थोडं नुकसान सोसावं लागतं, असा त्यांचा साधा विचार होता. किडनी चांगल्या जातीची आहे, थोडं सोसेल. ओजू मोठी होतेय. रोज मोठी होतेय. आपण मळ्यात पडून राहायचं आणि ती कुणा दुसऱ्याच्या हातून जेवायला शिकायची, हे त्यांना सोसवेना.

आणि झालं तसंच. उपकेंद्रातली नर्स दर आठवड्याला त्यांची काडी घेऊन जायची. पहिल्या वेळी उत्तर आलं, 'प्रमाण स्थिर'. मग 'प्रमाण घटले'. आक्कानं त्याचं श्रेय आपल्या ताकाला दिलं आणि तांब्या दुप्पट भरून आणला. त्यानंतर आलं, 'अत्यल्प'.

सर्जेरावांनी तेव्हाच्या तेव्हा लेकीला फोन लावला. "ऐशू, अत्यल्प. ऐकलंस का? आणखी एक काडी, की झालं."

"बरं झालं, पप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा सपाट वाटला. कामात असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पायांवर दोन दिवसांपासून थोडी सूज होती आणि तोंडाला चव नव्हती, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्याच्या कडेला गाडी थांबली. आधी ओजू उतरली. तिनं आबांना पाहिलं आणि बांधावरून धडपडत पळत सुटली. सर्जेराव खाटेवरून उठले. दोन पावलं पुढं आले, आणि तरीही त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. ओजूनं त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. ते तसेच उभे राहिले, हात मागं बांधून, ध्वजवंदनाला उभ्या पोरासारखे.

ऐश्वर्या त्यांच्याकडं आली नाही. ती सरळ खाटेपाशी गेली, उशीखालून गोळ्यांचा डबा काढला आणि उघडला. आत अर्ध्या गोळ्यांचा ढीग होता.

"हे कुणी कातरलं?"

आक्का दारातून म्हणाली, "अगं, त्योच आडकित्ता मी चार दिस झालं हुडकतीया."

ऐश्वर्या खाटेवर बसली. "काल डॉक्टर मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, बातमी चांगली आहे. पण इतकी चांगली असायला नको. विषाणू आपोआप निघून जात नाही, पहारेकरी जागे झाले तरच जातो. म्हणाल्या, वडील गोळ्या घेतात ना ते बघून ये." तिनं पर्समधून रक्त तपासायचं छोटं यंत्र काढलं. "बोट द्या."

सर्जेरावांनी बोट पुढं केलं. यंत्राला वेळ लागला नाही. आकडा बघून तिनं ओठ मिटले, फोनवर मॅडमना पाठवला, उत्तर वाचलं.

"क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीला त्रास झालाय. हाताबाहेर गेलेलं नाही. आजच भरती व्हायचं. सलाईनमधून औषध, आणि गोळ्या पुन्हा पूर्ण."

"म्हणजे विषाणू परत वाढणार."

"वाढणार."

"म्हणजे मी परत मूळ."

"असा की मग."

"ऐशू, तुला कळत नाही बाळ," सर्जेरावांचा आवाज चढला. "तान्ह्या पोराला माझ्यामुळं सुई टोचली. आपल्या पोरीचे डोळे खोल गेले. त्या घरात राहून मी काय करू? पोरीला हात लावता येत नाही, घास भरवता येत नाही. मग तुझी ती किडनी घेऊन मी करू काय?"

ऐश्वर्यानं डबा मिटला. ती कधी त्यांच्यावर ओरडलेली नव्हती, आत्ताही ओरडली नाही.

"पप्पा, ती मी तुम्हाला पोरगी सांभाळायला दिली नव्हती," ती म्हणाली. "तेव्हा ओजू कुठं होती? तेव्हा माझं लग्नसुद्धा नवं होतं. सगळे म्हणत होते, घाई करू नकोस, यादीत नंबर लागेल. मला नव्हतं थांबायचं. आई अशीच नंबर लागायची वाट बघत गेली होती. मला एवढंच पाहिजे होतं की मी संध्याकाळी दार उघडलं की तुम्ही खुर्चीत बसलेले असावं. काही करू नका. घास भरवू नका. ती जेवताना समोर बसा आणि बघा."

"एवढंच?"

"एवढ्यासाठीच दिली."

ओजू अजून गुडघ्याला बिलगूनच होती आणि एका हातानं त्यांच्या पायजम्याची नाडी ओढून बघत होती.

"बिल्डिंगमध्ये मी बोललेय," ऐश्वर्या पुढं म्हणाली, आता जरा नेहमीच्या आवाजात. "डॉक्टर मॅडमनी वेल पुन्हा नीट बघितला. ज्या पोरांना तुमच्याकडनं झालं, त्यांना तुमचा विषाणू ओळखीचा झालाय. सध्या तरी तुमच्यापासून सगळ्यांत कमी भीती त्यांनाच. नवी पोरं नकोत, जवळ यायच्या आधी साबण पाहिजे, दर आठवड्याला काडी, आणि मजकूर फार बदलला की तुम्ही पुन्हा आत्याकडं. मगदूमताई लगेच हो म्हणाल्या नाहीत. काल रात्री दार वाजवून सांगून गेल्या, दुपारी पोरांच्यात शौर्यला जेवायला बसवते म्हणून. दारात बसवते म्हणाल्या, आत नाही."

"दारात तर दारात," सर्जेराव पुटपुटले.

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. ऐश्वर्यानं पर्समधून गोळ्यांचं नवं पाकीट फोडलं आणि एक अखंड गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. सर्जेरावांनी तिच्याकडं पाहिलं. या गोळीबरोबर आपण काय काय गिळतोय ते त्यांना ठाऊक होतं. ओजूच्या तोंडाजवळ हा हात पुन्हा कदाचित कधीच जायचा नव्हता. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा मोठा घोट घेतला.

"आ करा," ऐश्वर्या म्हणाली.

"अगं, घेतली की."

"आ करा, पप्पा. जीभ वर."

बासष्ट वर्षांच्या माणसानं मळ्यात उभं राहून लेकीपुढं आ केला. तिनं वाकून नीट बघितलं, डावीकडं, उजवीकडं. गोळी खरंच गेली होती. मग तिनं त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा रडली. सर्जेरावांचे हात अजून पाठीमागंच होते. ते त्यांनी पुढं आणले आणि तिच्या पाठीवरून फिरवले, कारण ती मोठी होती, आणि तिला चालणार होतं.